चिरलेला डावा बूट

प्रिय पेन्सिल,

सापडलास. बास. आता पुढे काही लिहिलं नाही तरी चालण्यासारखं आहे, पण मी लिहिणार आणि तू वाचणार, कारण पलंगावर पडून राहण्याशिवाय सध्या तुला दुसरा उद्योग नाही. एकोणीस दिवस तू आमच्या तोंडचं पाणी पळवलंस, त्यातला अर्धा तास मला परत दे. मी हे कुठे बसून लिहितेय ते शेवटी सांगेन. अक्षर वाकडं येतंय त्याला मी जबाबदार नाही, या बाकाचा एक पाय आखूड आहे.

आधी त्या फोनचं सांगते. परवा सकाळी सव्वाअकराला मी पानांत उभी होते. म्हणजे नेहमीप्रमाणे माझ्या त्या डबीएवढ्या खोलीत, पत्र्याच्या ट्रेमध्ये वाळकी पानं आणि काड्या पसरलेल्या, समोर पडद्यावर जंगल आणि पायात तुझ्या लाडक्या बूटवाल्याचे बूट, शंभर वर्षांपूर्वी जंगलात गेला तो परतलाच नाही आणि आता त्याच्यावर सिनेमा निघतोय, तोच. लोकांच्या बहिणी शाळेत शिकवतात, आमची दुसऱ्यांच्या बुटांत चालते, असं तू सगळ्यांना सांगत फिरतोस ना, सांग बापडा. पडद्यावर नट चालताना दिसतो, पण ऐकू येते ती मी. तर बाहेर लाल दिवा लागला की त्या खोलीत कोणी पाऊल टाकत नाही, बावीस वर्षांत कधी कोणी टाकलं नव्हतं. परवा रेकॉर्डिस्ट दार ढकलून सरळ आत आला. त्याचं तोंड बघून मला वाटलं, संपलं सगळं. आणि तो म्हणाला की मिळाला, जिवंत आहे, ताप आहे पण बोलतोय. मी त्या पानांतच मटकन बसले. माइक चालूच होता. मी हसले की रडले ते मला आठवत नाही, पण तो म्हणतो दोन्ही आहे, आणि त्याने ते पुसलेलं नाही. 'पानं, बसणं' अशा नावाने ठेवून दिलंय. जीव भांड्यात पडल्याचा आवाज कोणाला कधी हवा असेल तर आमच्याकडे आहे आता.

मग तुझ्या घरी फोन, लेकीला फोन, तुझ्या ऑफिसातल्या त्या चष्मेवाल्याला फोन. तो बिचारा फोनवर रडला. तुझी लेक मात्र तुझ्यावरच गेलीय. रडली नाही, काही नाही. कुठे सापडला ते अक्षांश-रेखांशात सांगा म्हणाली. मी म्हटलं, बाई गं, टेहळणीच्या एका पडक्या खोपटात सापडला, वनरक्षकांनी दीड दिवस झोळीत घालून सडकेपर्यंत आणला आणि आता दवाखान्यात सूप पितोय, एवढं पुरे आहे. रात्री तिने म्हणे तीन वेळा वाढून घेतलं. गेले पंधरा दिवस ती पोर ताटात नुसती बोटं फिरवत होती.

आम्ही अशा आनंदात असताना त्याच दिवशी संध्याकाळी दवाखान्यातल्या सिस्टरचा फोन आला. मला वाटलं औषधाबिषधाचं काही विचारायचं असेल. तिने विचारलं की तुमचे पेशंट चौकटीचे कागद, पट्टी आणि पेन्सिल मागतायत, देऊ का? आणि चार दिवसांत पुन्हा आत जाणार म्हणतायत, ते खरं की तापातलं बोलणं? मी म्हटलं, सिस्टर, दुर्दैवाने तो तापात असतानाच जरा शहाण्यासारखं बोलतो, म्हणजे हे खरंच असणार. हसले मी. मी तुझ्याच घरी होते, तुझी बायको शेजारीच बसली होती. तिने सगळं ऐकलं. उठून बॅग भरायला लागली. थोड्या वेळाने तिने मला अगदी साध्या आवाजात सांगितलं की मी जाऊन त्याला एकदा डोळ्यांनी बघणार, आणि तो परत आत जाणार असेल तर पुन्हा वाट बघणार नाही. तिला ओरडताना मी पाहिलंय, भांडी आपटताना पाहिलंय, पण हा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. आणि आवाज ओळखणं हा माझा धंदा आहे, तेव्हा तू हे हसण्यावारी नेऊ नकोस.

तू नव्हतास त्या दिवसांत ती माझ्याकडे येऊन बसायची. घरी बसवत नाही म्हणायची. माझ्या खोलीत कोपऱ्यात स्टुलावर, हातात चहाचा कप, पिणार नाही काही नाही. एक दिवस बूटवाल्याच्या बायकोचं दृश्य आलं. त्या शंभर वर्षांपूर्वीच्या बाईला दिग्दर्शकसाहेबांनी चारही वेळा खिडकीपाशी खुर्चीत बसवलंय. नवरा एकदा जंगलात गेला, ही खिडकीत. दुसऱ्यांदा गेला, ही खिडकीत. मी खुर्चीच्या कुरकुरीचा आवाज घेत होते. तुझी बायको मागून म्हणाली की अशी कोणी बसत नाही. बसायला वेळ कुणाला असतो? ती आत भांडी घासत असणार, आणि दारात पाऊल वाजल्यासारखं वाटलं की नळ बंद करून ऐकत असणार, आणि कोणी नाही म्हटल्यावर पुन्हा नळ सोडत असणार. मी खुर्ची बाजूला सारली आणि रेकॉर्डिस्टने माइक नळापाशी नेला. ते आता सिनेमात आहे. बाई खिडकीतच दिसते, पण आधी आतून नळाचं पाणी ऐकू येतं, बंद होतं, जरा वेळाने पुन्हा सुरू होतं. साहेबांनी बघितलं आणि ते तसंच ठेवायला सांगितलं. ते तिने स्वतःचंच सांगितलं होतं हे मी त्यांना सांगितलं नाही, तुला सांगतेय.

खरं तर तुझं नाव त्या साहेबांना सुचवलं ते मीच. जुन्या पद्धतीचे नकाशे हाताने काढणारा कोणी हवाय म्हटल्यावर माझ्या तोंडून पटकन निघून गेलं की माझा भाऊ आहे ना. मला वाटलं चार नकाशे काढशील, पडद्यावर नाव येईल, आम्ही सगळे पहिल्या रांगेत बसून टाळ्या पिटू. तू त्या बूटवाल्याची रोजनिशी वाचायला घेतलीस आणि माझं कपाळ. तो म्हणे रोज चाललेली पावलं मोजून लिहायचा. तू पावलांची अंतरं केलीस, अंतरांचा नकाशा केलास, आणि शेवटच्या मुक्कामाला गणित अडलं. तो लिहितो की नदीचं वळण आहे, दोन खडक एकमेकांना टेकलेत आणि मध्ये एक माणूस बसेल एवढी फट आहे. तुझ्या नकाशात त्या जागी कोरडा डोंगर. सव्वा दिवसाच्या चालीचा फरक पडतोय, असं तू मला जेवताना सांगितलंस, आणि तुझे डोळे असे चमकत होते की मला तेव्हाच कळायला हवं होतं. चित्रीकरण संपलं, सगळी मंडळी तंबू गुंडाळून घरी आली आणि तू तिथेच राहिलास. एकदा गेलास, आलास. दुसऱ्यांदा गेलास, तिसऱ्यांदा गेलास, आणि चौथ्यांदा गेलास तो हरवलासच. सिनेमावाले बूटवाल्याला विसरून पुढच्या कामाला लागले, आणि त्याचं भूत बसलं ते तुझ्या मानगुटीवर.

आता माझी फजिती ऐक. तुझा पत्ता नव्हता त्या दिवसांतही काम थांबलं नव्हतं. आमच्याकडे तारखा म्हणजे दगडावरची रेघ. बूटवाल्याच्या शेवटच्या प्रवासाचे दोन भाग मी तेव्हाच केले, नुसती झाडं सरकतात, पाय दिसत नाहीत, फक्त पावलं ऐकू येतात ते. काम झालं, मी घरी गेले. दुसऱ्या दिवशी रेकॉर्डिस्टने मला बोलावलं, कानाला हेडफोन लावले आणि विचारलं की हा कोण चालतोय? मी ऐकलं आणि लगेच ओळखलं. एक पाऊल भरून पडतंय आणि दुसरं घासत येतंय. नट खणखणीत चालतो, बूटवाला पडद्यावर खणखणीत चालतो, आणि मी दोन्ही भागांत तुझ्यासारखी चालले होते. प्रत्येकाची चाल वेगळी आणि ती पायात धरून ठेवायची, हे मी नव्या मुलींना शिकवते. आणि मीच अशी माती खाल्ली. रेकॉर्डिस्ट भला माणूस. रागावला नाही. सगळं पुन्हा घ्यावं लागणार होतं, म्हणून किती पावलं घ्यायची त्याचा अंदाज करायला त्याने मला बाहेरच्या बोळात चालायला लावलं. दारापासून खिडकीपर्यंत बूटवाल्याच्या चालीने चाळीस पावलं झाली. मग तुझ्या चालीने चालले, तर अठ्ठावन्न. त्याने दोन्ही आकडे एका चिठ्ठीवर लिहून भिंतीला चिकटवले, आणि आम्ही कामाला लागलो.

तुझी चाल असं मी सरळ लिहून टाकलंय. आपल्या घरात हा शब्द कधी कोणी उच्चारला नाही. आईने तशी तंबीच दिली होती सगळ्यांना. पाहुण्यांनी विचारलं तर तीच विषय बदलायची, आणि तू मोठा झालास तो आपण सगळ्यांसारखेच चालतो असं समजून. छानच झालं ते. पण मला तो दिवस लख्ख आठवतो. मागच्या भिंतीपलीकडे माझा चेंडू गेला होता. मला चढायची भीती वाटत होती आणि तुला पाठवलं तर तू नाही म्हणणार नाहीस हे मला ठाऊक होतं. तू सहा वर्षांचा होतास. मी खाली उभं राहून कुठे पाय ठेव ते सांगत होते. तू वरून पडलास, आणि पाय कायमचा अधू झाला. नंतर घरात मी सांगितलं की तो आपणहून चढला. पन्नास वर्षं ते तसंच राहिलंय. तुला आठवत असेल तर तू कधी बोलला नाहीस, आठवत नसेल तर आता सांगितलं. या एकोणीस दिवसांत दिवसातून दहा वेळा माझ्या मनात हेच येत होतं की दोन्ही वेळा याला मीच चढवलं आणि मी खालीच उभी राहिले.

मग काल सकाळी कामावरून मी सिस्टरला पुन्हा फोन केला आणि तुझ्या पायाचं विचारलं. ती म्हणाली, डावा पाय एवढा सुजला होता की वनरक्षकांना बूट काढताच येईना, शेवटी चाकूने वरून चिरला तेव्हा पाय मोकळा झाला. मी बरं म्हटलं, फोन ठेवला, आणि नजर पडद्याकडे गेली. माझ्या पडद्याशेजारी बूटवाल्याच्या रोजनिशीतल्या ओळी चिकटवलेल्या आहेत, निवेदनासाठी. त्यात एक ओळ आहे की आज डावा बूट वरून चिरला. तू ती वाचलीस, साहेबांनी वाचली, कपडेवालीने वाचली. सगळ्यांना वाटलं बूट जुना झाला, फाटला. कपडेवालीने तर तळ उसवलेला बूट मला बनवून दिला. अरे, बूट झिजतो तो खालून किंवा शिवणीतून. मी जन्मभर बुटांतच घालवलाय. वरून कोणी बूट चिरतो तो पाय मावेनासा होतो म्हणून.

म्हणजे तो लंगडत होता, पेन्सिल. त्या ओळीनंतर रोजनिशी चारच दिवस चालते. पावलं तो रोज तितकीच लिहितो, तेवढीच मोजून चालायची त्याची शिस्त होती, पण पाऊल आखूड झालं होतं. तू मात्र त्याला धडधाकट माणसाच्या पावलांनी चालवलंस. तुझ्यासारखं गणित मला येत नाही, पण भिंतीवरची चिठ्ठी होती. अठ्ठावन्न पावलांत जो चाळीसांएवढंच जातो, तो चार दिवसांत किती जाईल? मी लेकीला फोन करून हिशेब करायला लावला. ती म्हणाली, पावणेतीन दिवसांच्या चालीएवढं. चारातून पावणेतीन गेले की किती उरतात ते तुला सांगायला नको. सव्वा दिवस. तू ज्याच्यासाठी चार वेळा तिकडे जाऊन आलास, आणि आता पाचव्यांदा निघालायस, तोच सव्वा दिवस. लेक पलीकडून एवढ्या जोरात ओरडली की मी फोन कानापासून लांब धरला. तिने मग तुझ्या नकाशावर उलटं मोजलं. जागा आली ती नदीच्या वळणावर, जिथे चित्रीकरणाच्या वेळी आपला स्वयंपाकाचा तंबू होता. सडकेपासून पाऊण तास. गाडी अर्ध्यापर्यंत जाते. एका लंगडणाऱ्या माणसाचं लंगडणं दुसऱ्या लंगडणाऱ्याला दिसू नये, यात दोष असेल तर आईचा आणि माझा आहे. तुझं आणि त्याचं लंगडणं तंतोतंत सारखं असेल असं मी म्हणत नाही. तू तपासून बघ. पण त्याआधी पाकिटातला फोटो बघ. छायाचित्रवाल्याकडून मी तो मागून आणलाय. चित्रीकरणाचा तिसरा दिवस, तू ताटली घेऊन जेवतोयस, कानावर पेन्सिल, मागे नदी वळलेली दिसतेय. कशाला टेकून बसलायस ते नीट बघ. दोन खडक एकमेकांना टेकलेत, आणि मधल्या फटीत तू आहेस, आरामात, पाय पसरून. त्याच जागी बसून तू त्याला शोधायला पुढे जायचे बेत करत होतास. काल संध्याकाळपासून मी हा फोटो पंचवीस वेळा बघितला असेल, आणि दर वेळी आधी हसू येतं आणि मग डोळे भरतात. तो पुढे कुठेही गेला नव्हता रे. घरी परतण्याच्या वाटेच्या इतका जवळ होता. पाय चालत नव्हता म्हणून बसला, आणि त्याला न्यायला कोणी आलं नाही.

आता हे कशासाठी लिहिलं ते. मी तुझ्या वॉर्डाच्या बाहेरच्या बाकावर बसलेय. तुझी बायको शेजारी आहे, बॅग मांडीवर घट्ट धरून. पहाटेपासून गाडीत होतो आम्ही. भेटायची वेळ चारची आहे, आता पावणेतीन झालेत, आणि सिस्टर शिस्तीची आहे, ती आत सोडत नाही. तिने आम्हाला सांगितलं की तू स्वतःच्या जबाबदारीवर घरी जाण्याचा फॉर्म मागितला आहेस, आणि तीनच्या औषधांबरोबर ती तो आणून देणार आहे. घरी जाण्याचा म्हणे. तू कुठे जाणार आहेस ते सिस्टरला माहीत नसलं तरी आम्हाला माहीत आहे. समोरासमोर आपण दोघं दोन वाक्यं धड बोललेलो नाही, लगेच वाद घालतो, आणि सही झाल्यावर चार वाजता आत येऊन वाद घालण्यात काही अर्थ नाही. म्हणून ट्रेमध्ये फॉर्मच्या वर हे पत्र ठेवायला मी सिस्टरला सांगितलंय. तुझ्या बायकोने यातला एक शब्द वाचलेला नाही, फोटोही बघितलेला नाही. तो तू तिला दाखव. मग पाय बरा होऊ दे, आपण चौघंही गाडीने त्या खडकांपाशी जाऊ, डबा घेऊन, आणि संध्याकाळी घरी येऊ. आत्ता फक्त त्या फॉर्मवर सही करू नकोस. तो परत पाठव, म्हणजे आम्हाला कळेल. या बाकाशेजारी हात धुवायची मोरी आहे आणि तिथली आया मघापासून नळ सोडून बाटल्या धुतेय. तुझी बायको आत्ता उठून गेली आणि तिने तो नळ बंद केला.

तुझीच, अजून भिंतीखालीच उभी असलेली,
ताई